सूनबाईचं नाक, सूनबाईचा गुडघा

३ फेब्रुवारी, मंगळवार
दुखणं : ४

हॉस्पिटलने सूनबाईला वही दिली आहे. निळा पुठ्ठा, वर शिक्का, आत दर दिवसाला एक पान. गुडघा किती दुखला ते दहापैकी आकड्यात लिहायचं आणि दर भेटीला डॉक्टरांना दाखवायचं. सूनबाईने 'चार' लिहिलं आणि वही मिटली. अख्खं पान कोरं! म्हटलं, उरलेल्या जागेत माझं लिही.

"तुमचं काय लिहू, आई?"

"दिसेल ते. पाय वर करून बसलीच आहेस. हात तर मोकळे आहेत ना?"

मला अक्षर येत नाही. घड्याळ येतं आणि मोजता येतं, कारण तीस वर्षं मी अंडी उबवायच्या कारखान्यात होते. घड्याळ बघून ट्रे फिरवायचे, उजेडाला धरून कुठलं अंडं जितं आणि कुठलं मेलेलं ते सांगायचं. तेवढ्यावर माझं आयुष्य निघालं. लिहायला सून मिळाली हा वरचा नफा.

तर, सूनबाई टपाल वाटते. बावीस वर्षं लोकांचे जिने चढली. लोकांना पत्रं मिळाली, हिच्या गुडघ्याला खड्डा मिळाला. हाडावर जी कूर्चेची गादी असते ती नाण्याएवढ्या जागेत झिजून गेली आहे. काठीशिवाय चालता येत नाही. ऑफिसने सांगितलंय, जूनपर्यंत पाय बरा झाला तर ठीक, नाहीतर तळघरात बसून शिक्के मारा. हिला उघड्यावर फिरायची सवय. तळघरात ही वाळून जाईल. मी असं तोंडावर म्हणत नाही, उगाच शेफारायची.

(मी समोरच बसले आहे. – सून)

आज हिच्या नाकातून नखाएवढी कूर्चा कापून घेतली. त्यातल्या पेशी वाढवून गुडघ्यासाठी गादीचा तुकडा बनवणार. अक्कल गुडघ्यात असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, नाक गुडघ्यात जायची ही पहिलीच खेप. मी हाडांच्या डॉक्टरांना विचारलं, पुढे हिला सर्दी झाली तर गुडघा गळणार का? डॉक्टर गंभीरपणे 'नाही' म्हणाले. सूनबाई हसली आणि हसल्यामुळे नाक दुखलं. तो आकडा कुठे लिहायचा ते वहीत छापलेलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार
दुखणं : ४

माझी नात, म्हणजे सूनबाईची लेक, त्याच प्रयोगशाळेत आहे जिथे हे तुकडे बनतात. लहानपणापासून तिला आम्ही मुंगी म्हणतो. अंगापेक्षा मोठं ओझं उचलायची खोड. तिचा बाप, माझा चिरंजीव, जहाजावर असतो. वर्षातून दोनदा उगवतो आणि घरात सगळं कुठे ठेवलंय ते विचारतो.

आज मुंगीला म्हटलं, मला समजेल असं सांग. ती म्हणाली, "आजी, वेलाला मांडव लागतो ना? तसा पेशींना लागतो. मांडव नसेल तर त्या नुसत्या तळाशी पसरतात, गादी होत नाही. आम्ही पेशी एका चिकट रसात कालवतो. त्याला आम्ही शाई म्हणतो. ती सिरिंजमध्ये भरायची, मशीन तिला बारीक तोटीतून दाबून बाहेर काढतं आणि थरावर थर छापत जाळी विणतं. मांडव आणि वेल एकदमच."

"मग अवघड काय?"

"त्यांना जिवंत ठेवणं. जोरात दाबलं तर तोटीत चिरडतात. गार झालं तर शाई घट्ट होते, मग जास्त दाबावं लागतं. सिरिंजमध्ये जास्त वेळ राहिल्या तर हवा नाही, खाणं नाही, खाली साचून गुदमरतात."

"म्हणजे माणसं बसमध्ये कोंबायची, दरवाजा लावून गाडी तशीच उभी ठेवायची, मग एकेकाला खिडकीतून ढकलायचं आणि विचारायचं, प्रवास कसा झाला?"

मुंगी म्हणाली, "आजी, अगदी तेच."

अर्ध्या पेशी तिने गोठवून टाकीत राखून ठेवल्या आहेत. उरलेल्या अर्ध्या उबेच्या कपाटात आहेत. एक दिवसाआड त्यांचं खाणं बदलायला ती सुट्टीच्या दिवशीही धावते. माझ्या उशाचा तांब्या भरायची मात्र चारदा आठवण करावी लागते. मी पेशी असते तर बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
दुखणं : ५

पेशी वाढतायत. सूनबाईचं वजनही.

(खोटं आहे. – सून)

२४ फेब्रुवारी, मंगळवार
दुखणं : ५

मुंगीचे साहेब घरी आले होते. मी त्यांचं नाव टाळीसाहेब ठेवलं आहे. बोलताना दोन वाक्यं झाली की थांबतात आणि समोर बघतात. टाळी पडायची जागा सोडतात. आमच्या घरात टाळी डासासाठीच वाजते.

म्हणाले, "आजी, तुमच्या घरात इतिहास घडतोय. लेक आपल्या आईचा गुडघा बनवतेय!" थांबले. मी बिस्किटाची बशी पुढे केली.

काम निघालं ते असं. तुकडा सहा मार्चला छापायचा होता. आता पाच तारखेला, पाहुण्यांसमोर छापणार. मोठे पाहुणे येणार, तेच बटण दाबणार. नवीन इमारतीसाठी त्यांचा होकार हवा आहे.

मुंगी हळूच म्हणाली, "सर, पाहुण्यांना दाखवायला नुसती शाई चालेल. पेशी नसलेली. दिसायला सारखीच."

"छे! खरं ते खरं. फसवणूक करायची का आपण?"

बघा, प्रामाणिकपणा माणसाला कधी आणि कुठे आठवेल याचा नेम नाही. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग अशी म्हण आहे. इथे तर गुडघाही दुसऱ्याचा.

५ मार्च, गुरुवार
दुखणं : ६

हात दुखले तरी चालेल, पण आजचं आजच लिही म्हटलंय. उद्यापर्यंत माझा राग निवेल आणि गंमत जाईल.

नवाला पोचलो. सूनबाई काठी टेकत चालत होती, तरी टाळीसाहेबांनी तिला चाकांच्या खुर्चीत बसवलं. म्हणाले, फोटोत खुर्ची बरी दिसते. मला शेजारी उभं केलं. म्हातारी कशीही दिसली तरी चालते.

समोर काचेची भिंत. पलीकडे मशीन आणि मुंगी. नखशिखांत पांढऱ्या कपड्यात, नुसते डोळे दिसत होते. पाहुणे दहाला यायचे होते. दहाला पाच कमी असताना साहेबांनी काचेवरून खूण केली, भर. मुंगीने घड्याळाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. साहेबांनी परत खूण केली. तिने सिरिंज मशीनमध्ये बसवली.

पाहुणे आले दहा पन्नासला. ते नक्की कोण, मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे ज्या मानाने वाकत होते त्या मानाने फारच मोठे असावेत. आल्या आल्या म्हणाले, उकडतंय. लगेच सगळीकडचा एसी वाढवला, काचेच्या आतलासुद्धा. सूनबाईचं नाक वाहायला लागलं. मी लगेच गुडघा बघितला. कोरडा होता.

मग भाषणं. टाळीसाहेब पंचवीस मिनिटं बोलले. 'क्रांती' हा शब्द अकरा वेळा. मी बोटांवर मोजत होते, दुसरं करायला काही नव्हतं. मध्येच मुंगीने आतून काचेवर टकटक केली. साहेबांना वाटलं टाळी आहे, त्यांनी हसून हात हलवला. थोड्या वेळाने परत टकटक. परत हात हलवला. तिसऱ्यांदा तिने मनगटावर बोट ठेवून दाखवलं, तर फोटोवाला म्हणाला, "छान, तसंच धरा!"

मग पाहुणे बोलले. पस्तीस मिनिटं, स्वतःच्या आईच्या गुडघ्याबद्दल. ती बिचारी वारली तेव्हा गुडघा बरा होता म्हणे. मग फुलांचे गुच्छ. दहा माणसांनी दहा माणसांना दिले, मग कोणीतरी राहिलं म्हणून अकरावा शोधायला माणूस पळाला.

बटण दाबलं बारा वाजून दहा मिनिटांनी.

काहीच बाहेर आलं नाही. पाहुण्यांचं बोट तसंच बटणावर. टाळीसाहेबांनी काचेतून वर बोट केलं, वाढव. मुंगी मान हलवत होती. त्यांनी परत वर बोट केलं, या वेळी हसू न आणता. मुंगीने काहीतरी फिरवलं. मग तोटीतून धागा आला आणि नखापेक्षा जरा मोठी जाळीदार चकती तयार झाली. टाळ्यांचा कडकडाट. माझ्या सुनेच्या नाकाला इतका मान आयुष्यात मिळाला नव्हता.

तपासणीसाठी शेजारी एक बारका तुकडा छापला होता. त्यात रंग घालून, चहा होईतो मोजणी आली. जिवंत ते हिरवे ठिपके, मेलेले ते लाल. शंभरात एक्क्याण्णव हिरवे. परत टाळ्या.

रात्रीच्या जेवणाला मुंगी नुसता भात चिवडत होती. मी आपली सहज म्हटलं, "आज भरलं, आज मोजलं? आमच्याकडे पहिल्या दिवशी अंडं उजेडाला धरलं तर मुकादम हसायचा. पहिल्या दिवशी सगळी अंडी सारखीच. सातव्या दिवशी कळतं कुठलं नासलं."

ती म्हणाली, "आजी, आम्हालाही माहीत आहे. कागदावर एकच खण आहे. छापल्याबरोबरचा." आणि अर्धं ताट ठेवून उठली. आजकालच्या मुलींना म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकवत नाही.

६ मार्च, शुक्रवार
दुखणं : ५

मुंगी पहाटेच कामावर गेली आणि दुपारी परत आली. चपला न काढता खुर्चीत बसली. सूनबाईने पाणी दिलं, ते हातातच.

उरलेल्या बारक्या तुकड्यावर तिने आज परत मोजणी केली. शंभरात अडतीस.

मी म्हटलं, एका रात्रीत त्रेपन्न गेले? साथ आली का?

"नाही आजी. काल ज्या पेशी फुटल्या होत्या तेवढ्याच लाल दिसल्या. ज्यांना धक्का बसला होता, ज्या गुदमरल्या होत्या, त्या अजून फुटल्या नव्हत्या म्हणून हिरव्या. रात्रभरात मेल्या. उद्या अजून जातील."

लग्नाच्या फोटोत सगळेच हसतात, तसं झालं हे.

ती साहेबांकडे गेली होती. साहेब म्हणाले, "दुसऱ्या दिवशी मोजायला कोणी सांगितलं? नियमात आहे का?" नियमात नाही. मग म्हणाले, "भरल्यापासून छापेपर्यंत किती वेळ लागला?" ती म्हणाली, सव्वादोन तास. तर त्यांनी नोंदीचा कागद दाखवला. त्यावर लिहिलं होतं, वीस मिनिटं. त्यांनी वेळ पाहुण्यांच्या भाषणानंतर सुरू झाली असं धरलं होतं. आदर म्हणून असेल.

"आणि दाब कोणी वाढवला?" असं विचारलं त्यांनी तिला. मुंगी म्हणाली, "मी." ते म्हणाले, "मग?"

वीस तारखेला तो तुकडा सूनबाईच्या गुडघ्यात बसवायचा आहे. मेलेला मांडव, मेलेला वेल. आत जाऊन विरघळेल, सुजेल, आणि गुडघा एकदा उघडून वाया गेला की दुसऱ्यांदा कोणी उघडणार नाही.

सूनबाई लिहिता लिहिता थांबली आहे. लिही म्हटलं.

७ मार्च, शनिवार
दुखणं : ५

घरात बैठक झाली. मी अध्यक्ष, कारण पलंग माझा.

मी म्हटलं, सोपं आहे. सूनबाईला ताप आला म्हणून सांगायचं. तारीख पुढे जाईल, तेवढ्यात राखून ठेवलेल्या पेशी वाढवा, नवा तुकडा करा. कोणाचं नाव नको, कोणाची नोकरी नको.

मुंगी म्हणाली, "तसं होत नाही. हा तुकडा कागदावर चांगला आहे. जोपर्यंत तो वाईट ठरत नाही तोपर्यंत टाकी उघडता येत नाही. ताप आला तर तुकडा फेकतील आणि आईचा नंबर पुढच्या रुग्णाला जाईल."

"मग तू लेखी दे."

"देते. पण साहेब म्हणतील, परवानगी नसताना मोजणी केली, दाब हिनेच वाढवला, आईसाठी रडतेय. माझ्या शब्दाशिवाय पुरावा काय? बाकी सगळ्यांची सही वीस मिनिटांवर आहे."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वही! या वहीत सगळं लिहिलंय, भर म्हणून खूण, दहाला पाच कमी, काचेवरची टकटक, बारा दहा. आणि हेही लिहिलंय की दाब मुंगीने वाढवला. ही वही सोमवारी डॉक्टरांसमोर जायची आहे. पोरीची नोकरी माझ्या बडबडीने जाईल!

मी सूनबाईला सांगितलं, "ती तीन पानं फाड. पाच, सहा आणि आजचं."

"हो आई," ती म्हणाली.

"आत्ता फाड, माझ्यासमोर."

"आजचं लिहून संपलं की फाडते." शहाणी आहे, सांगितलेलं ऐकते. तळघर परवडलं, पण पोर रस्त्यावर नको, हे मी बोलून दाखवलं. ती मान खाली घालून लिहितेय. आता मी झोपायला जाते. कागद फाटल्याचा आवाज आला की डोळे मिटेन.

(आवाज आला तो शिधापत्रिकेच्या जुन्या पाकिटाचा होता. – सून)

९ मार्च, सोमवार
दुखणं : ५

मी काय सांगू! पानं तशीच होती!

हाडांचे डॉक्टर आकडे बघत पानं उलटत होते. चार, चार, पाच, सहा. सहाला थांबले. वाचायला लागले. आधी हसले. "आजी, अकरावा गुच्छ!" म्हणाले. मी सूनबाईकडे बघितलं. ती भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्याकडे बघत होती. असं निरखून, की जणू बरगड्या मोजायचं काम तिला मिळालंय.

मग डॉक्टर हसायचे थांबले. मागचं पान परत उलटलं.

"आजी, दहाला पाच कमी, हे नक्की?"

"डॉक्टर, तीस वर्षं मी घड्याळ बघून अंडी फिरवली. एकदा चुकलं असतं तर चार हजार पिल्लं गेली असती."

"आणि बारा दहाला बटण?"

"पाहुण्यांचं पोट वाजलं तेव्हा बरोबर बारा दहा."

त्यांनी सूनबाईला विचारलं, "ही वही तुम्ही लिहिता? तुम्ही शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली नाही?"

सूनबाई म्हणाली, "दबाव फक्त सासूबाईंचा आहे. आणि शेवटचं वाचा. दाब माझ्या मुलीने वाढवलाय. तेही मी लिहिलंय. गाळलं असतं तर बाकीचं कोणी खरं मानलं नसतं."

मी तिला चिमटा काढायला हात लांब केला, पण खुर्ची दूर होती.

डॉक्टरांनी फोन उचलला. "त्या तुकड्याची मोजणी परत करा. आत्ता. माझा माणूस समोर उभा राहील." अर्ध्या तासाने उत्तर आलं. शंभरात चोवीस.

घरी येताना रिक्षात मी तिला म्हटलं, "विसरलीस ना फाडायला?"

"विसरले, आई."

बावीस वर्षांत हिने कोणाचं एक पाकीट विसरलेलं ऐकलं नाही. वय झालं आता तिचंही.

१२ मार्च, गुरुवार
दुखणं : ६

तुकडा बाद झाला. टाकी उघडायला परवानगी मिळाली. हॉस्पिटलने वहीच्या प्रती काढून घेतल्या आणि वही परत दिली. वर चिठ्ठी चिकटवली आहे : 'फक्त रुग्णाने, फक्त आकड्यात लिहावे.' सूनबाईने चिठ्ठीवर माझ्या औषधाच्या वेळा लिहिल्या.

मुंगीला शिक्षा झाली. प्रयोगशाळेतून काढून सामानाच्या खोलीत हातमोज्यांची खोकी लावायला बसवलं आहे. टाळीसाहेबांना काही झालं नाही. त्यांनी निवेदन काढलं की 'गुणवत्तेबाबत आमची संस्था तडजोड करत नाही, म्हणून आम्ही स्वतः तुकडा मागे घेतला.' मांजर दूध सांडतं आणि वर फरशी पुसल्याचं पदक घेतं.

मुंगी घरी येऊन म्हणाली, "आजी, खोकी मरत नाहीत. छान झोप लागते." आणि अंथरुणात तोंड खुपसून पडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तर सूनबाई आधीच तिथे होती. दोघींना उगाच काय पाठ पुरणार म्हणून मी पायाशी बसले.

२५ मार्च, बुधवार
दुखणं : ६

टाकीतून काढलेल्या पेशींतल्या निम्म्या जाग्याच झाल्या नाहीत. उरलेल्या वाढल्या, पण कुरकुरत. तुकडा एकदाच होईल एवढ्याच आहेत. आता चुकलं तर नाक परत कापायचं म्हटलं तरी डॉक्टर नाही म्हणतात. एकदाच.

गंमत अशी की त्या छापायच्या कोणी? प्रयोगशाळेत सगळ्यांना भाषण येतं, मशीन फक्त मुंगीला येतं. दोन दिवस एकमेकांच्या तोंडाकडे बघून झालं. आज हातमोज्यांच्या खोलीत निरोप गेला.

मुंगीने एकच अट घातली. पाहुणे नकोत. साहेबही काचेबाहेर.

३१ मार्च, मंगळवार
दुखणं : ६

छापलं. सकाळी सहाला, इमारतीत झाडूवाल्याशिवाय कोणी नसताना.

आल्यावर मुंगीने सगळं सांगितलं, बोलायची थांबेना. मोठी सिरिंज भरलीच नाही. पाच बारक्या घेतल्या. एक भरायची, छापायची, मग पुढची कालवायची. पेशी सिरिंजमध्ये पाच-सहा मिनिटांवर राहिल्या नाहीत. सरळ सुईऐवजी निमुळती तोटी लावली, म्हणजे अंग आकसायला वेळ मिळतो. एसी बंद. सिरिंजभोवती ऊब राहील अशी पट्टी. दाब इतका कमी की एक थर द्यायला आधीच्या तिप्पट वेळ.

"तिसऱ्या सिरिंजला धागा थांबला, आजी. हात आपोआप दाबाकडे गेला."

"मग?"

"काढून घेतला. सिरिंज हातात धरून बसले. गरम झाल्यावर आपणहून सुटला."

टाळीसाहेब साडेआठला आले आणि विचारलं, "कधी सुरू करायचं?" तेव्हा ती मशीन पुसत होती.

मोजणी शुक्रवारी. तोवर या घरात कोणी टाळी वाजवायची नाही, डास चावला तरी.

३ एप्रिल, शुक्रवार
दुखणं : ७

पहिल्या दिवशी अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्या दिवशी सत्त्याऐंशी. आज तिसऱ्या दिवशी सत्त्याऐंशी.

सूनबाईने हे आकडे लिहिले आणि पेनाचं टोपण लावायलाच विसरली. शाई चादरीला लागली. चादर माझी होती. काही बोलले नाही. लिहून ठेव, मी काही बोलले नाही.

१५ एप्रिल, बुधवार

आज लिहिणारी मुंगी आहे. सूनबाई आत आहे, गुडघा उघडून.

आत जाताना मला म्हणाली, "आई, औषध वेळेवर घ्या." मी म्हटलं, "माझं सोड, नाकाकडे लक्ष दे." त्याऐवजी दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं. तीन तास झाले, अजून आठवत नाही काय ते.

मुंगी म्हणते, आजी, आठवतंय तुला. लिहू का? नको म्हटलं.

डॉक्टर आले. तुकडा नीट बसला. सहा आठवडे पाय टेकायचा नाही. जगेल का, विचारलं. म्हणाले, आता मोजता येणार नाही, आता तो तिचा आहे.

९ मे, शनिवार
दुखणं : ३

नवीन इमारत मंजूर झाली. टाळीसाहेबांना दुसऱ्या शहरात व्याख्यानाला बोलावलं आहे. विषय असा की छपाईआधी पेशींना ताटकळत ठेवण्याचे दुष्परिणाम. वेळ दीड तास. श्रोत्यांतल्या कोणी काचेवर टकटक केली तर ते हात हलवतील, काळजी नको.

मुंगीला परत मशीनवर घेतलं. नोंदीच्या कागदावर आता तीन खण आहेत : पहिला दिवस, दुसरा, तिसरा. ते कोणी सुचवले, त्याला खण नाही.

२८ मे, गुरुवार

आज आकडा नाही. जिचा गुडघा ती घरात नाही. मुंगीला बसवून लिहवून घेते आहे.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई सकाळी आल्या. म्हणाल्या, आज पूर्ण भार द्या. सूनबाईने एका हाताने भिंत आणि एका हाताने माझा खांदा धरला. भिंत आधी सोडली. मग माझा खांदा. खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला गेली आणि आली. बाई 'शाब्बास' म्हणाल्या. मी म्हटलं, एवढ्यासाठी नाक कापलं?

बाई गेल्या. मी डोळे पुसायला, म्हणजे चष्मा पुसायला, आत गेले. बाहेर आले तर ही नाही. काठी कोपऱ्यात. फोन टेबलावर. दार उघडं.

सव्वा तास झाला. सांगून जायची पद्धत असते की नाही? डॉक्टर म्हणाले होते, थोडं थोडं चाला. थोडं म्हणजे किती हे हिला कळेल तर शपथ! कुठे गेली असेल? मुंगी म्हणते, जुन्या हद्दीत, जिथे टपाल वाटायची तिथे. चार मजली इमारती आहेत तिकडे! मुंगी हसतेय. मी विचारलं, तुला काळजी नाही का, इतकी पेशींची करतेस, आईची नाही? तर म्हणते, "आजी, मघापासून खिडकीत कोण उभं आहे?" हे लिहू नकोस. लिहिलंस? खोड.

येऊ दे आता. असा समाचार घेते की गुडघाच काय, नाकही लपवेल.

थांब. जिन्यात कोणीतरी आहे. पहिला मजला. थांबली. परत चालू. ऐक, ऐक ना. दोन्ही पाय सारखे वाजतायत.

पुरे, वही मिट. आणि तिला सांग, आजी मघाच झोपली.